धरणाने गाव बुडवले, नागरिकत्व अजून अधांतरी

रेशनकार्ड आणि मतदार यादीतले नाव यांची किंमत ती नसलेल्यालाच विचारावी. अरुणाचल प्रदेशातील चकमा समाज साठ वर्षे या कागदांसाठी झगडतो आहे.

चकमा हे चितगावच्या डोंगराळ भागातले बौद्ध. बहुसंख्य वस्ती मुसलमानेतर असूनही १९४७ च्या फाळणीत हा भाग पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण झाले. १९६२ साली ते पुरे झाले. वीज कारखान्यांना गेली आणि पाणी गावात शिरले. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन बुडाली. तिथल्या कसदार जमिनीचा हा ४० टक्के हिस्सा होता. जुने रांगामाटी गाव आणि चकमा राजाचा वाडाही पाण्याखाली गेला. सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. त्या देशोधडीला चकमा लोक ‘बर परंग’ म्हणतात.

१९६४ पासून हजारो चकमा भारतात आले. मैमनसिंगकडचे हाजोंगही आले. केंद्र सरकारने १९६४ ते १९६९ या काळात दोन्ही समाजांच्या सुमारे १५ हजार माणसांना नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसवले. दियून, बोरदुमसा, मियाव भागात त्यांनी जंगल साफ करून शेती उभारली. ते चोरून आले नव्हते; सरकारनेच आणून बसवले होते.

१९९० नंतर विरोध पेटला. १९९४ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने ‘राज्य सोडा’ असे फर्मान काढले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने बजावले की, चकमांच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. घटनेच्या २१ व्या कलमात ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. म्हणजे ज्याच्याजवळ कागद नाही, त्यालाही जगण्याचा हक्क आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या मसुद्यातील एका शब्दाने हजारो घरे वाचवली.

१९ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, तीन महिन्यांत नागरिकत्व द्या, असाही आदेश झाला. पण त्याची पुरी अंमलबजावणी झालेली नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले तर कायद्यानेच जन्मतः नागरिक ठरतात. तरी कित्येकांना मतदार यादीत नाव घालण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

अरुणाचलच्या आदिवासींची भीतीही समजून घेतली पाहिजे. आपण संख्येने थोडे, जमीन गेली तर राहायचे कुठे, हा त्यांचा सवाल खरा आहे. त्यांच्या जमिनीला संरक्षण द्या आणि चकमांना नागरिकत्व द्या. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात; त्यासाठी केंद्र आणि राज्य सरकारने एकत्र बसले पाहिजे. दोन गरीब समाजांना एकमेकांवर सोडून सरकारला हात झटकता येणार नाहीत.