चढ, उतार आणि ढकलगाडीची मोटर

गोल्फच्या अठरा होलांची एक फेरी पायी पुरी करायची म्हटली, तर खेळाडूचे ८ ते १० किलोमीटर चालणे होते. आणि या चालण्यात त्याच्याबरोबर जी पिशवी फिरते, तिच्यात नियमाने चालणारे कमाल १४ क्लब, चेंडू, पाण्याची बाटली, छत्री आणि पावसाळी जाकीट भरले की तिचे वजन सहज १२ ते १५ किलोंवर जाते. हे ओझे पेलण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पिशवी खांद्यावर घेणे किंवा ती कॅडीच्या, म्हणजे ओझे वाहणाऱ्या आणि मैदानाची नस ओळखणाऱ्या मदतनिसाच्या, हाती देणे या जुन्या रीती. बॅटरीच्या चारचाकीत बसून मैदानभर हिंडणे ही विसाव्या शतकातली. आणि घडीच्या हलक्या गाडीवर पिशवी बांधून ती हाताने ढकलत नेणे ही या सर्वांच्या मधली. या मधल्या रीतीला अलीकडे एक फाटा फुटला आहे. ढकलगाडीची मागची दोन चाके काढायची, त्यांच्या जागी मोटर असलेली चाके आणि बॅटरीची पेटी बसवायची, आणि गाडी तीच ठेवून ढकलण्याचे काम विजेवर सोपवायचे, असे या फाट्याचे स्वरूप आहे.

मोटरवर चालणारी पिशवीगाडी ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये पॉवाकॅडी ही कंपनी १९८३ पासून अशा गाड्या विकत आली असून तिथल्या क्लबांमध्ये त्या नेहमीच्या झाल्या आहेत. उत्तर अमेरिकेत मात्र १९९९ मध्ये सन माउंटन कंपनीच्या तीनचाकी गाडीने हाताने ढकलण्याचीच रीत रूढ केली, आणि पुढे क्लिकगिअरसारख्या मजबूत, घडी होऊन मोटारीच्या डिकीत मावणाऱ्या गाड्या घरोघरी आल्या. चांगली ढकलगाडी वर्षानुवर्षे टिकते. ती टाकून देऊन नवी विजेची गाडी घेण्यापेक्षा आहे तिलाच मोटर जोडावी, हा विचार त्यातून पुढे आला. कॅनडातील अल्फार्ड कंपनीचा ‘क्लब बूस्टर’ आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. टिकाऊ सांगाडा राखून फक्त लवकर जुना होणारा भाग बदलायचा, ही या संचामागची काटकसर आजच्या यंत्रव्यवहारात दुर्मिळ आहे, आणि तेवढ्यापुरता तरी तो कौतुकास पात्र ठरतो.

या संचावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप आरोग्याचा आहे: मोटरच लावायची, तर पायी खेळण्याचा लाभ काय उरला? त्याला उत्तर म्हणून एक आकडा नेहमी पुढे केला जातो. अमेरिकेतील डेन्व्हर येथे नील वोल्कोडॉफ यांनी थोड्या खेळाडूंवर केलेल्या मोजणीत नऊ होलांसाठी खर्च झालेली ऊर्जा अशी भरली: पिशवी खांद्यावर घेऊन चालल्यास ७२१ कॅलरी, गाडी ढकलत चालल्यास ७१८, कॅडीबरोबर मोकळ्या हाताने चालल्यास ६१३, आणि चारचाकीत बसून खेळल्यास ४११. मोटर लावलेल्या ढकलगाडीचा रकाना या मोजणीत नव्हता. पण मोकळ्या हाताने चालणे हीच तिची अवस्था असल्याने ६१३ हा आकडा तिच्या सर्वांत जवळचा मानावा लागतो. पाहणी लहान होती, म्हणून हे आकडे अंदाजाचे समजणे बरे. तरी ढकलण्याचा वाटा शंभरेक कॅलरींचा आणि चालण्याचा वाटा त्याच्या जवळजवळ दुप्पट, एवढे प्रमाण त्यातून स्पष्ट होते.

टोरांटोच्या शेजारच्या मिसिसागा शहरात ब्रेबेन नावाचे नगरपालिकेचे मैदान आहे. शहराच्या कचऱ्याची भरावभूमी बंद झाल्यावर तिच्याच टेकाडावर ते बांधले गेले आणि २००५ मध्ये खुले झाले. सपाट परिसरात उभ्या राहिलेल्या या कृत्रिम उंचवट्यामुळे तिथे चढउतारांना तोटा नाही, आणि म्हणून मोटरसंचाची पारख करायला इतके सोयीचे ठिकाण जवळपास दुसरे नसेल. तिथे नेमाने खेळणारे एक निवृत्त गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातले. तरुणपणी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात उमेदवारी केलेले आणि पुढे ओंटारिओतल्या यंत्रशाळेत हयात घालवलेले. आपला संच तर ते स्वतः दुरुस्त करतातच, पण ओळखीच्यांचे संचही त्यांच्या गॅरेजमधल्या टेबलावर येऊन पडतात. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या एका तरुणाने, “काका, मोटर लावल्यावर चालणं कसलं?” असे डिवचले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “मला सहाशे तेरा हवेत. चारशे अकरा नकोत. सातशे अठरा आता गुडघ्याला झेपत नाहीत.” पुढे दर दोन होलांमागे ‘सहाशे तेरा’ हे शब्द कुठल्या ना कुठल्या निमित्ताने त्यांच्या तोंडून निघत राहिले.

संच बसवण्याची क्रिया सोपी आहे: गाडीची मागची चाके कळ दाबून निघतात, त्या जागी संचाचा आस अडकतो, पेटी खालच्या दांडीला पकडीने आवळली जाते आणि वायर जोडली की गाडी तयार होते. पाहण्यासारखा तपशील त्या आसाच्या टोकाला आहे. अशा अनेक गाड्यांच्या आसावर बोटाच्या पेराएवढ्या अंतराने दोन गोल खाचा कातलेल्या असतात. चाक आतल्या खाचेत बसले की ते मोटरच्या दातऱ्यांशी जखडले जाते, आणि बाहेरच्या खाचेत ओढून घेतले की मोकळे फिरते. बॅटरी संपली, तर चाके बाहेरच्या खाचेत घेऊन गाडी हाताने ढकलता येते. ती आतच राहिली, तर मोटरचे दाते फिरवण्यातच माणसाचा दम जातो. नवशिक्याची पहिली फजिती बहुधा इथेच होते, आणि ती माहितीपुस्तकातल्या एका ओळीने टळण्यासारखी असते.

खरेदी करणारा माणूस चढाचा विचार करतो, पण संचाचा खरा कस उतारावर लागतो. पिशवी, गाडी आणि संच मिळून २६ किलो वजन धरले, तर दहा मीटरला एक मीटर अशा चढावर ते ओढायला सुमारे २५ न्यूटन बल लागते. ताशी ५ किलोमीटरच्या चालीने त्याची शक्ती ३५ वॉटच्या आसपास येते, आणि ओल्या गवताचा अडथळा धरूनही ती साधारण दुपटीच्या आत राहते. आजच्या छोट्या मोटरींना हे काही अवघड नाही. उतारावर प्रश्न वेगळा आहे. सांगलीकडे उसाची भरलेली गाडी उताराला लागली की सगळे वजन बैलांच्या मानेवर येते आणि गाडीवानाची खरी परीक्षा सुरू होते. इथे मान द्यायला बैलही नाहीत. मोटरच्या दात्यांमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असेल, तर उतारावर चाके मोटरला मागे टाकून मोकळी पळतात आणि खेळाडूला गाडीमागे धावावे लागते. असा क्लच नसेल आणि नियंत्रक नीट असेल, तर तीच मोटर जनित्र होते, चाकांचा वेग अडवते आणि गाडी माणसाच्या चालीने खाली उतरते.

ब्रेबेनच्या एका उंच टीवरून, म्हणजे होलाचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, खालच्या फेअरवेच्या गवताळ पट्ट्याकडे जाताना हा फरक कानांनी कळतो. चढावर मोटरची घरघर अखंड आणि थोडी वरच्या सुरात असते. गाडी माथा ओलांडते तेव्हा ती क्षणभर तुटते, आणि मग खालच्या सुरातली, दबकी, ओढून धरल्यासारखी गुणगुण सुरू होते. गृहस्थ गाडीच्या मागे तीन पावलांवर, हात पाठीशी बांधून चालत होते. त्यांचे डोळे गाडीवर नव्हते, गवतावरही नव्हते. मान किंचित कलती करून ते फक्त तो बदललेला आवाज ऐकत होते, आणि उतार संपून मोटर पुन्हा पहिल्या सुरात आल्यावरच त्यांनी पुढच्या फटक्यासाठी चेंडू कुठे पडला आहे ते पाहिले. यंत्रशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाची ही सवय असते. त्या फेरीतले फटके फारसे लक्षात राहण्यासारखे नव्हते. ही मान कलती करण्याची लकब मात्र पुनःपुन्हा आठवावी अशी होती.

आडव्या उतारावरची अडचण याहून सूक्ष्म आहे. गाडीचे वजन मोटरच्या आसाच्या पुढे झुकलेले असते आणि पुढचे चाक वळते असते, म्हणून आडवे जाताना गाडीचे नाक उताराकडे वळू पाहते. जुन्या संचांत दोन्ही मोटरींना सारखीच वीज मिळत असल्याने खेळाडूला गाडी वळवण्याच्या रिमोटची कळ सतत वरच्या बाजूला दाबत राहावी लागे. सुधारित संचांत वळण्याची गती मोजणारा जायरोस्कोप, म्हणजे नखाएवढ्या चिपमधला संवेदक, बसवलेला असतो आणि तो नाक खाली वळताना दिसताच उताराकडच्या चाकाला थोडी जास्त गती देऊन गाडी सरळ करतो. जुना संच बदलून नवा घ्यावा की नाही, याचे उत्तर याच एका गोष्टीत आहे. मैदान सपाट असेल, तर पैसे वाचवावेत. आडवे उतार असतील, तर वाचवू नयेत.

गृहस्थांच्या टेबलावर सुधारणेचे काम पाहताना ग्रीसचा आणि चाकांच्या खाचेत अडकून वाळलेल्या गवताचा एकत्र वास येत होता. मोटरी जोडीनेच बदलाव्यात, एक जुनी आणि एक नवी ठेवली तर गाडी एका अंगाला ओढते, असे त्यांचे म्हणणे होते. आसाच्या नटाचे आटे एका ठिकाणी गेले होते. ते त्यांनी टॅप फिरवून पुन्हा पाडले, खाली एक पातळ वायसर सरकवला आणि चाक हाताने हलवून प्ले, म्हणजे सैलपणा, उरला नाही याची खात्री केली. पुढचे एका दिशेतच फिरणारे चाक काढून वळते चाक बसवण्यावर त्यांचा विशेष भर होता, कारण मागची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरवून गाडी वळवायची असल्याने ठाम चाक गवतावरून फरपटत जाते आणि मैदानही खराब करते. मागे एक लहान आधारचाकही लागते. ते नसेल, तर चढावर एकदम जोर दिल्यावर गाडी मागे उलटते.

बॅटरीच्या बाबतीत काळ बराच पुढे गेला आहे. शिशाच्या जुन्या बॅटरीचे वजन दहा किलोंच्या आसपास जाई, आजची लिथियम-आयन बॅटरी दोन-तीन किलोंत भागते. वर धरलेल्या हिशेबाने एका फेरीला साधारण १०० वॉट-तास पुरावेत; उत्पादक त्याहून मोठी बॅटरी देऊ शकतात, पण १६० वॉट-तासांवरची सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि १०० ते १६० मधली विमान कंपनीच्या परवानगीनेच नेता येते, हे बंधन प्रवासी खेळाडूला सोडत नाही. ओंटारिओत हिवाळ्यात मैदाने बंद असतात. त्या काळात बॅटरी अर्धवट भरून कोरड्या, थंड जागी ठेवावी आणि शून्याखालच्या तापमानात कधीही चार्ज करू नये, एवढे पथ्य पुरेसे असते.

रिमोटचे कौतुक जरा अतिच केले जाते. गाडी आपल्या पुढे किंवा मागे आपोआप येते हे पाहायला गमतीचे असले, तरी तळ्याकाठी आणि वाळूच्या बंकरजवळ हँडलवर हात ठेवून चालणेच शहाणपणाचे, आणि ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तर गाडी नेऊच नये. नियमांच्या बाजूने एक काळजी मिटली आहे: मारलेला चेंडू चुकून आपल्याच गाडीवर आपटला, तर पूर्वी एक दंडाचा फटका मोजावा लागे, २०१९ पासून तो लागत नाही. स्पर्धांमध्ये बसून जाण्यावर बंदी घालता येते, तरी चालणाऱ्याच्या मोटरगाडीला ती आपोआप लागू होत नाही. चालणे हा खेळाचा अविभाज्य भाग आहे काय, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पायाने अधू असल्याने गाडीत बसून खेळू पाहणाऱ्या केसी मार्टिन या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला होता.

राहिला तो ६१३ चा आकडा. तो मुळात कॅडीच्या रकान्यातला आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मुंबईत चेंबूरच्या किंवा पुण्यात येरवड्याच्या मैदानावर पिशवी आजही कॅडी नेतो, तोच अंतर सांगतो, चेंडू शोधतो, ग्रीनचा उतार वाचतो, आणि त्या फेरीच्या पैशावर त्याचे घर चालते. तिथे हा संच आणणे म्हणजे शंभर कॅलरींसाठी नव्हे, तर एका माणसाच्या मजुरीच्या बदल्यात यंत्र आणणे होय. नगरपालिकेच्या मैदानावर जिथे कॅडी नाहीच, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणूनच संचाची खरी जागा तिथे आहे. गृहस्थांना याची जाणीव होती. हिवाळ्यात पुण्याला गेल्यावर संच बरोबर का नेत नाही, असे त्या तरुणाने विचारल्यावर त्यांनी बॅटरीच्या विमानबंदीचे कारण आधी सांगितले आणि मग, “तिथं आपला माणूस आहे ना,” एवढेच म्हटले.

त्यांचा जुना संच त्यांनी त्याच तरुणाला दिला. मोटरी, नियंत्रक, आधारचाक आणि एक जादा नट असे सारे पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले. बॅटरी मात्र त्यांनी वेगळी काढली, कारण तिच्या सेलांची एक ओळ मल्टिमीटरवर बाकीच्यांहून कमी व्होल्टेज दाखवत होती. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती पुनर्वापर केंद्रात देण्यासाठी बाजूला ठेवली गेली, आणि नवी बॅटरी घेताना तिच्यावर छापलेले वॉट-तास आधी पाहून घे, असे त्यांनी तरुणाला बजावले.