पेठेचा नकाशा पेठेनेच काढावा

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, प्लेगच्या दिवसांत, इंदूरच्या गल्ल्यांतून एक वृद्ध, दाढीधारी साहेब हाती नकाशा घेऊन पायी हिंडत असत. त्यांना पाहताच लोक धास्तावत. हाच साहेब प्लेग आणतो, असे एकमेकांस सांगत. हे भय अगदीच निराधार नव्हते. नकाशेवाल्या साहेबामागून बहुधा घरे पाडणारी माणसे येत. परंतु पॅट्रिक गेडिस हे पाडण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी आले होते.

मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आले. बडोद्यासंबंधीचा त्यांचा अहवाल १९१६ चा, तर होळकर दरबारास सादर केलेला इंदूरचा अहवाल १९१८ चा. आधी निदान, मग उपचार, हे त्यांचे सूत्र. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढला की घरे जातात, धंदे मोडतात आणि उठलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटी करतात. त्यापेक्षा मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावी, मोकळ्या जागी झाड लावावे, विहिरी राखाव्या आणि गल्ली जेथे तुंबते तेथेच ती मोकळी करावी, असा त्यांचा आग्रह होता.

हे काम लोकांनीच करावे म्हणून त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक योजिली. जे मोहल्ले घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील, त्यांतूनच ती जाणार होती. मग काय, मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली! त्या मिरवणुकीत सफाई करणारेही हार घालून मानाने चालले. २०१७ ते २०२३ या काळात राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर सतत पहिले आले. तेथेही यंत्रांइतकेच श्रेय ओला व सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या घराघराचे आहे.

बाजार म्हणजे केवळ दुकानांची बेरीज नव्हे. आमच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री त्याच बंद दुकानांसमोर खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. एकाच जागेवर दोन पाळ्यांत कितीतरी संसार चालतात. नकाशाच्या कागदावर हे दिसत नाही; ते पेठेलाच ठाऊक असते.

परंतु सभासद बंधूंनो, येथे आम्हांस आपलाही दोष कबूल केला पाहिजे. रस्तारुंदीची नोटीस हाती पडेपर्यंत आम्ही स्वस्थ असतो. ओटा पुढे आम्हीच काढतो, गटारावर फरशी आम्हीच टाकतो, माल रस्त्यावर आम्हीच मांडतो. आणि मग गिऱ्हाईक पेठेत येत नाही म्हणून हळहळतो. ज्याने रोग वाढविला त्याने वैद्याला बोल लावणे शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक पेठेने यंदा आपली पाहणी आपणच करावी. माल उतरविण्याची वेळ कोणती असावी, गटार कोठे तुंबते, कोणती भिंत धोक्याची आहे, कोणता ओटा मागे घेता येईल, हे सारे कागदावर मांडावे. त्या बैठकीत भाडेकरू, हमाल, हातगाडीवाले आणि रात्रीचे दुकानदार यांनाही बोलवावे, कारण पेठ त्यांचीही आहे. मग तो कागद महानगरपालिकेपुढे ठेवावा. दुसऱ्याने काढलेला नकाशा येण्याची वाट पाहत बसलो, तर मागाहून केवळ तक्रार करणेच आपल्या हाती उरेल.