अंगवळण सुटतं तेव्हा

२७ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स धावत आली, स्प्रिंगबोर्डवरून उलटी झेपावली आणि सव्वा मीटर उंचीच्या टेबलावर हात टेकून हवेत उसळली. गिरक्या घ्यायच्या होत्या अडीच, झाली दीडच. पाय कसेबसे मॅटला लागले. नंतर तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. घरी चहा पीत सामना बघणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला: घाबरली!

जिम्नॅस्टना मात्र एक शब्द पुरला. ट्विस्टीज.

आपल्याकडे एखादी गोष्ट ‘अंगवळणी पडते’. गंमत बघा, शब्दातच वळण आहे! कानाच्या आत द्रव भरलेल्या तीन इवल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो, सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण फिरतोय. डोळे, स्नायू आणि सांधेही आपापल्या खबरा धाडत असतात. जेमतेम सेकंदभराच्या उडीत या सगळ्याचा मेळ बसतो, तोही विचार न करता. हजारो वेळा केलेल्या सरावाने शरीर ते परस्पर करतं. ताण वाढला की कधी कधी हा मेळच तुटतो. हेच ट्विस्टीज. जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करून बघा, पाऊल अडखळतं. बाइल्सच्या पायाखाली तर जिनाही नव्हता. वर कुठे, खाली कुठे, तेच तिला कळेना.

‘मनाने कच्ची’ म्हणणं सोपं असतं. या दुखण्याला प्लास्टर नसतं, एक्स-रे नसतो. नाव असलं तरच ते दुखणं ठरतं, नाहीतर नखरे.

सोव्हिएत संघाची जिम्नॅस्ट एलेना मुखिना १९७८ची विश्वविजेती. मोडलेला पाय नीट भरून आला नव्हता, तरी तिला जमिनीवरच्या कसरतीतली थॉमस सॉल्टो ही जीवघेणी उडी करायला लावत. मान मोडेल, असं तिने सांगून पाहिलं होतं. १९८०च्या जुलैत, मॉस्को ऑलिम्पिकच्या तोंडावर, मिन्स्कमधल्या सरावात ती हनुवटीवर आदळली. मानेखालचं शरीर लुळं पडलं. २००६पर्यंत, मरेपर्यंत, ती तशीच जगली.

बाइल्सचं ‘नाही’ मात्र ऐकलं गेलं. आठवड्याने, ३ ऑगस्टला, ती दहा सेंटिमीटर रुंद बीमवर चढली. शेवटच्या उडीतली नेहमीची गिरकी तिने काढून टाकली होती. दोन कोलांट्या घेऊन ती सरळ खाली उतरली, पायांवर. कांस्यपदक मिळालं.