‘कसा वाटला?’ या प्रश्नाचे मोल

सोमवारी सकाळी महाविद्यालयाच्या आवारात, साखर कारखान्याच्या कचेरीत किंवा एस.टी.च्या थांब्यावर उसाच्या दराची चर्चा संपली की, बोलण्याचा ओघ आदल्या दोन दिवसांत पाहिलेल्या चित्रपटाकडे वळतो. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न ठरलेला, आणि ‘पैसा वसूल’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘मध्यंतरानंतर रटाळ’ ही उत्तरेही ठरलेलीच. सुशिक्षित मंडळी, आणि त्यांत आम्ही अध्यापक प्रामुख्याने, या गप्पांकडे रिकामपणचा उद्योग म्हणून पाहतो. समीक्षा म्हणजे नियतकालिकांत छापून येते ती. विद्यार्थी कट्ट्यावर बोलतात तो केवळ वेळेचा अपव्यय, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. किंबहुना, सामान्य प्रेक्षकाचे हे दोन वाक्यांचे मत नसते तर चित्रपटाचा बाजार चालला नसता, आणि ते मत आज ज्या पद्धतीने पातळ होत चालले आहे ती गोष्ट चिंतेची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अनुभवानंतरच कळणारी वस्तू

ज्वारी विकत घेताना शेतकरी मूठभर दाणे हातात घेऊन पाहतो. लुगडे घेताना गृहिणी पोत चाचपते. चित्रपटाचे मात्र तसे नाही. त्याचा दर्जा कळतो तो पैसे देऊन आणि तीन तास खर्चून झाल्यावर, आणि तेव्हा पैसेही परत मिळत नाहीत आणि वेळही. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंचे असे दोन वर्ग मांडले : खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या, आणि उपभोगानंतरच कळणाऱ्या. चित्रपट हा दुसऱ्या वर्गाचा अगदी ठळक नमुना होय. त्याच वर्षी जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विक्रेत्याला मालाची माहिती असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा चांगला मालच बाजारातून हद्दपार होण्याची भीती असते. या विचाराबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

चित्रपटाच्या बाजारात तर आणखी एक गंमत आहे. येथे विक्रेत्यालाही मालाविषयी पुरते ठाऊक नसते. नामवंत नट, भरमसाट खर्च आणि भिंतीभिंतीवर जाहिराती असूनही चित्रपट कोसळतात, आणि अनोळखी चेहऱ्यांचे चित्रपट महिनोन् महिने चालतात. निर्माता आणि प्रेक्षक दोघेही अंधारात असलेल्या या व्यवहारात दिवा लावण्याचे काम करतो तो पहिला प्रेक्षक. सणसर, भवानीनगर किंवा लासुर्णे येथील तरुण बारामतीला चित्रपट पाहण्यास जातो, तेव्हा त्याच्या खिशातून केवळ तिकिटाचे पैसे जात नाहीत. जाण्यायेण्याचे भाडे जाते, आणि शेतावरचा किंवा कामावरचा अर्धा दिवसही जातो. परत आल्यावर तो मित्रांना जे सांगतो, त्याच्या आधारे दहा जण आपला खर्च करावा की वाचवावा हे ठरवतात. एकाने किंमत मोजावी आणि लाभ इतरांस फुकट व्हावा, याला अर्थशास्त्रात बाह्य लाभ म्हणतात. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाचे उत्तर असा लाभ दररोज वाटत असते.

या उत्तरांची भाषाही दिसते तितकी भोळी नाही. ‘पैसा वसूल’ म्हणणारा प्रेक्षक दिलेल्या किमतीहून मिळालेले समाधान अधिक होते असे सांगत असतो. मार्शलने ज्याला उपभोक्त्याचे आधिक्य म्हटले, ते हेच. ‘एकदा बघायला हरकत नाही’ या वाक्यात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त किती नेमका बसला आहे! जे वर्गात तासभर समजावूनही गळी उतरत नाही, ते विद्यार्थी कट्ट्यावर सहज बोलून जातो.

तोंडी कीर्तीचा इतिहास

मराठी चित्रपटाचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा तोंडी कीर्तीचा इतिहास आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी ज्या सणसरला मुक्काम करते, तेथील वाचकांना ‘संत तुकाराम’चे स्मरण करून देण्याची आवश्यकता नाही. प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तथापि खेड्यापाड्यांतील माणसाने व्हेनिसचे नाव ऐकून तो पाहिला नाही. पाहून आलेल्याने ‘पागनीस म्हणजे साक्षात तुकोबा’ असे सांगितले, म्हणून तो पाहिला. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने १९५९ पासून पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. अडीच वर्षे कोणतीही जाहिरात माणसे आणू शकत नाही. ती माणसेच माणसांना आणतात. हिंदीतील ‘शोले’चेही तेच. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा जाणकारांचे आणि व्यापाऱ्यांचे अभिप्राय थंडच होते. पुढे प्रेक्षकांच्या तोंडी त्याचे संवाद रुळले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला.

या परंपरेत स्त्रियांच्या मताचे स्थान वेगळे सांगायला हवे. कारण पारावरच्या चर्चेत ते क्वचितच ऐकू येते. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’ची जाणकारांनी अश्रुपट म्हणून कितीही टर उडवली, तरी पाणवठ्यावर आणि माजघरात त्याचा निकाल वेगळा लागला होता. नणंदा-भावजया, सासवा-सुना मिळून चित्रपट पाहावयास गेल्या, हाच मुळी त्या काळातील एक सामाजिक प्रसंग होता. बत्तीस वर्षांनी, ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला, तेव्हा पुन्हा तेच घडले. भिशी मंडळे, बचत गट, शाळांतील शिक्षिका गटागटाने चित्रगृहात गेल्या. एका गटाचे मत दुसऱ्या गटाची तिकिटे काढून गेले. घरातील खर्चाचा निर्णय करताना जिला कोणी विचारत नव्हते, तिच्या मतावर एक संपूर्ण व्यवसाय उभा राहू शकतो, हे या दोन चित्रपटांनी दाखवून दिले.

काळाशी शर्यत

पूर्वी चित्रपटाच्या प्रती मोजक्या असत. मुंबई-पुण्यानंतर जिल्ह्याचे ठिकाण, नंतर तालुका, आणि शेवटी जत्रेतील तंबू अशा क्रमाने चित्रपट फिरे. त्यामुळे चित्रपट गावात येण्यापूर्वी त्याचे नाव, चांगले किंवा वाईट, येऊन पोचलेले असे. मत पुढे आणि चित्रपट मागे, अशी ती चाल होती. आज प्रती काढण्याचा खर्च जवळजवळ उरलेला नाही. मोठा चित्रपट एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर झळकतो आणि कमाईचा मोठा हिस्सा पहिल्या तीन दिवसांतच पदरात पाडून घेतो. लोकांचे मत बनून पसरण्यापूर्वी गल्ला भरून घ्यावा, असाच या पद्धतीचा हिशेब असतो.

अर्थात मत अगदीच निष्प्रभ झालेले नाही. एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकेत १९८२ ते २००० या काळात प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचा अभ्यास करून २०११ साली जे निष्कर्ष मांडले, ते मननीय आहेत. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अपेक्षेहून अधिक गर्दी झालेल्या चित्रपटांचे प्रेक्षक पुढे सावकाश घटतात. अपेक्षाभंग करणाऱ्यांचे झपाट्याने घटतात. लोकप्रिय चित्रपटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या बाबतीत मात्र हा परिणाम कमी दिसतो; कारण त्याविषयी लोकांना आधीच बरेच ठाऊक असते. जेथे माहिती कमी, तेथे ऐकीव मताचे वजन जास्त, असा याचा अर्थ.

हा अर्थ मराठी चित्रपटाला लावून पाहिला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. मराठी निर्मात्याजवळ जाहिरातीसाठी पैसा बेताचा. त्याची सारी भिस्त पाहून आलेल्या माणसाच्या शब्दावर. शब्द पसरायला मात्र वेळ लागतो, आणि नेमका वेळच त्याला दिला जात नाही. अडचणीच्या वेळेचा एखादा खेळ, तोही आठवड्याच्या आत बंद, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटांना सोयीची वेळ द्यावी यासाठी राज्य शासनाला २०१५ साली हस्तक्षेप करावा लागला, तो यामुळेच. ज्या चित्रपटाविषयी बोलले जाण्यापूर्वीच तो उतरवला जातो, त्याला प्रेक्षकांनी नाकारले असे म्हणणे न्यायाचे नाही. त्याची परीक्षाच झालेली नसते.

उजनीच्या पलीकडून

मत म्हणजे केवळ तिकीट खपवण्याचे साधन नव्हे, याचा प्रत्यय आपल्या भागाने २०१६ साली घेतला. नागराज मंजुळे हे उजनीच्या जलाशयापलीकडील करमाळा तालुक्यातील जेऊरचे. ‘सैराट’ त्याच परिसरात चित्रित झाला, आणि त्याची नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची. २९ एप्रिलला चित्रपट प्रदर्शित झाल्यावर पहिल्या काही दिवसांत बोलणे होते ते गाण्यांचे. लोक चित्रगृहात नाचत होते. तथापि त्या निःशब्द शेवटानंतर बाहेर पडलेली माणसे बोलू लागली, तेव्हा विषय बदलला होता. ‘असल्या चित्रपटांनी पोरे बिघडतात’ असे म्हणणारे निघाले, ‘हे आपल्या शिवारात घडते, मग पडद्यावर का नको?’ असे विचारणारेही निघाले. वरवर वाद चित्रपटाचा होता; प्रत्यक्षात तो जातीचा, मुलीच्या पसंतीचा आणि घराण्याच्या प्रतिष्ठेचा होता. ज्या विषयावर एरवी घरात तोंड उघडता येत नाही, त्या विषयावर ‘तो चित्रपट कसा वाटला?’ या आडवाटेने बाप आणि लेक बोलू शकले. सभा-परिसंवादांना जे सहसा साधत नाही, ते या प्रश्नाने साधले.

मताची दोन दुखणी

असे असले तरी, सामान्य प्रेक्षकाच्या मताचा केवळ गौरव करून भागणार नाही. त्याला आज दोन दुखणी जडली आहेत. पहिले दुखणे आकड्यांचे. डिसेंबर २००८ मधील ‘गजनी’पासून ‘शंभर कोटी’ हा शब्द हिंदी चित्रपटाच्या बोलण्यात रूढ झाला, आणि पाहता पाहता तोच गुणवत्तेचा मापदंड ठरला. आज विद्यार्थ्याला चित्रपट कसा वाटला असे विचारले, तर तो पुष्कळदा कमाईचा आकडा सांगतो. हा आकडा निर्मात्याच्या, वितरकाच्या उपयोगाचा आहे, प्रेक्षकाच्या नव्हे. मंडईत भाजी घेणारा माणूस ‘आज व्यापाऱ्याला नफा किती झाला’ यावरून भाजीची चव ठरवीत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण तेच करू लागलो आहोत. अर्थशास्त्राच्या अध्यापकानेच किंमत आणि मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत असे पुन्हा पुन्हा सांगावे, ही कदाचित कालगती असेल. पण सांगणे भाग आहे.

दुसरे दुखणे निनावीपणाचे. गावात ज्याने चित्रपट चांगला म्हणून सांगितला, तो उद्या भेटणार असतो. त्याचे मत चुकीचे निघाले तर लोक त्याला तोंडावर विचारतात, आणि दोन-तीनदा असे झाले की त्याच्या शब्दाची पत जाते. पतपेढीत जशी कर्जदाराची, तशी पारावर मत देणाऱ्याची पत असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या ताऱ्यांना आणि टक्क्यांना अशी पत नसते; कारण त्यांना चेहरा नसतो. कोणाचा तारा खरा, कोणाचा नटाच्या भक्तीपोटी दिलेला आणि कोणाचा मोबदला घेऊन दिलेला, हे ओळखणे अवघड. चित्रपट न पाहताच त्याला डोक्यावर घेणारे किंवा पायदळी तुडवणारे जत्थे निर्माण झाले आहेत, ते याच आडोशाने. अशा गर्दीतून उचललेले मत पाहून आलेल्याचे नसते; ते उधारीचे असते.

यावर उपाय बंदी किंवा नियंत्रण हा नव्हे. उपाय आहे तो दुसरा प्रश्न विचारण्याचा. ‘कसा वाटला?’ याच्या पाठोपाठ ‘का?’ असे विचारावे. रटाळ वाटला, तर कोठे आणि कशामुळे? रडू आले, तर कोणासाठी? शेवट पटला नाही, तर कोणता पटला असता? उधारीचे मत या प्रश्नापाशी अडखळते. स्वतःचे मत मात्र त्यातून धार घेते. रसास्वादाचे शिक्षण यापेक्षा फारसे वेगळे नसते. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून कार्य करू लागले. चित्रपट पाहून त्यावर एकत्र बसून बोलण्याची रीत या चळवळीने शहरांतून रुजवली. निमशहरी आणि ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत ती अभावानेच पोचली.

ती पोचवण्यास फार खर्च लागेल असे नाही. पडदा आणि प्रक्षेपक आता पुष्कळ महाविद्यालयांत आहेत. महिन्यातून एक शनिवार, रीतसर परवानगी घेऊन दाखवलेला एक चित्रपट, आणि त्यानंतर तासभर चर्चा, एवढे केले तरी पुरे. अट एकच असावी : कमाईचा आकडा आणि ताऱ्यांची संख्या उच्चारायची नाही, आणि पहिले बोलणे मुलींचे. प्राध्यापकांनी शेवटी बोलावे. आधी बोलल्यास पुढची सारी मते त्यांच्याच मताच्या नकला ठरतील.

लोकशाहीत पाच वर्षांतून एकदा मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मत बनवण्याची सवय मात्र रोजच्या लहान गोष्टींतून लागावी लागते. स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे, ठरवले ते चारचौघांत कारणासह सांगावे आणि दुसऱ्याचे पटल्यास आपले बदलावे, या चार गोष्टी विद्यार्थी एका चित्रपटाच्या निमित्ताने शिकला, तर मतदान केंद्रावरही त्या त्याला सोडून जाणार नाहीत. उद्या वर्गाबाहेर मुले चित्रपटाविषयी बोलताना दिसली, तर त्यांना पांगवण्यापूर्वी अध्यापकाने क्षणभर थांबावे, आणि ‘का?’ एवढेच विचारून पाहावे.