यीट्सची पाटी, सिल्व्हियाचं घर

लंडनला नणंदेकडे गेले तेव्हा पहिला हट्ट धरला तो किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघण्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथं राहिले होते. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं ते विकत घेतलं. बाहेर पडलो तशी नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही इंग्रजी घेऊन बी. ए. केलंत ना? चला मग, सिल्व्हिया प्लाथचं घर इथून चालत जाण्याजोगं आहे."

फिट्झरॉय रोड, नंबर २३. भिंतीला भिंत लावून बांधलेल्या व्हिक्टोरियन घरांची रांग. खाली पांढरा गिलावा, वर विटा, पुढे लोखंडी कठडा आणि रस्त्याच्या पातळीखाली तळघर. आपल्या पेठेतल्या वाड्यांची आठवण झाली, पण इथं मधला चौक नाही. दोन्ही अंगांना शेजारी, म्हणून उजेड फक्त पुढून नि मागून. एकेका कुटुंबासाठी बांधलेली ही उंच, अरुंद घरं पुढे मजल्यामजल्यानं भाड्यानं गेली. अशा जुन्या घरांत नळ बरेचदा बाहेरच्या भिंतीवरून वर चढवलेले असतात. मी मान वर करून तेच शोधत होते. "कवयित्रीचं घर बघायला आलात की प्लंबिंग?" नणंद हसली.

पण सगळं त्या नळांपाशीच तर आहे! डिसेंबर १९६२ मध्ये सिल्व्हिया इथं राहायला आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलगी पावणेतीन वर्षांची, मुलगा वर्षाचाही नाही. दारावर निळी पाटी होती, कवी यीट्स लहानपणी इथं राहिल्याची. तो शुभशकुन मानून तिनं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं. आणि त्या शतकातला इंग्लंडमधला सर्वांत कडाक्याचा हिवाळा पडला. नळ गोठले. घरात फोन नाही. या फजितीवर तिनं 'स्नो ब्लिट्झ' नावाचा लेख लिहिला, तोही चक्क विनोदी अंगानं. ११ फेब्रुवारी १९६३ ला तिनं याच घरात आयुष्य संपवलं. ती तीस वर्षांची होती. तिचं आजारपण जुनं होतं, नळामुळे कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. तरी आमच्या समुपदेशन केंद्रात वेगळी खोली घेऊन राहू पाहणारी बाई आली, की मी आधी विचारते, "पाणी किती वाजता येतं? शेजारी कोण आहे?" एक जण तर पाण्यापायीच दोन महिन्यांत सासरी परतली होती.

तिच्या नावाची पाटी मात्र या घरावर नाही. ती २००० साली लागली जवळच्याच चॅल्कट स्क्वेअरमधल्या तीन नंबरवर. लोकांनी विचारलं, फिट्झरॉय रोडवर का नाही? लेकीचं म्हणणं असं, की आई तिथं मेली, पण जगली इथं. लेक स्वतः याच घरात जन्मली, 'द बेल जार' इथंच लिहिली गेली.

आम्ही तिथंही गेलो. रंगीबेरंगी घरं, मधे छोटी बाग. सिल्व्हियाचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं. नणंद बराच वेळ वर बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "वहिनी, बाळाला घेऊन रोज एवढे जिने चढायची हो ती?"