बटणाचा हँडब्रेक आणि मागचे पॅड

ज्या गाडीत हँडब्रेकचा दांडा जाऊन त्या जागी एक लहानसे बटण आले आहे, तिचे मागचे ब्रेक-पॅड बदलताना जुना दस्तूर चालत नाही, हे प्रत्येक हौशी कारागिराने प्रथम ध्यानी घ्यावे. २००५ च्या फोक्सवॅगन पसाटप्रमाणे जिथे कॅलिपरच्या पाठीवरच विद्युत मोटर असते, तिथे ती मोटर पिस्टनच्या पोकळीतील स्क्रूवरचा नट पुढे सरकवते आणि तो नट पिस्टनला, व पिस्टन पॅडला, डिस्कवर दाबून धरतो. हा नट मागे गेलेला नसताना सी-क्लॅम्प लावून पिस्टन रेटणे म्हणजे धडधाकट यंत्रणेचा स्वहस्ते नाश करणे होय. म्हणून चाकांना उटी लावून, स्कॅनरने किंवा पुस्तिकेतील क्रमाने, गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मोटर स्वतः नट मागे घेते त्या अवस्थेत, न्यावी. मोटरची घरघर थांबली, की पिस्टन सरळ, न फिरवता (फिरवण्याची रीत केबलवाल्या कॅलिपरची), सावकाश आत ढकलावा आणि ब्रेक-ऑइलची टाकी ओसंडत नाही ना, इकडे नजर ठेवावी. बॅटरी अशक्त असल्यास हे काम हाती घेऊच नये. नवे पॅड बसल्यावर पायाचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावा, तदनंतरच मोड बंद करावा. आणि काम चालू असता कोणीही आत बसून ते बटण दाबू नये, अशी सक्त ताकीद घरातल्या सर्वांना अवश्य द्यावी.