समजून घ्या : कादंबरी लिहून झाली, पण संपादन का रखडते? घर, नोकरी बदलताना ते पुन्हा कसे सुरू करावे?

शेवटच्या प्रकरणाखाली ‘समाप्त’ टाइप केले. दोन-चार मित्रांना मेसेज गेले. महिनाभर फाइल बाजूला ठेवून मग निवांत संपादनाला बसायचे, असे ठरले. दरम्यान बदली झाली, किंवा घरी बाळ आले, किंवा वडिलांचे आजारपण निघाले. फाइल तिथेच राहिली. आता ती उघडायचीही धास्ती वाटते.

कादंबरी लिहू पाहणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडकते. बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या आळसाला देतात. खरे कारण बरेचदा वेगळे असते. खर्डा लिहिणे आणि त्याचे संपादन ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दिनक्रम बदलला की त्यातले दुसरे आधी कोलमडते. असे का होते आणि त्यावर काय करता येते, याविषयी...

लिहिणे आणि संपादन यांत फरक काय?

पहिला खर्डा लिहिताना प्रगती मोजता येते. १९९९ मध्ये अमेरिकेत ख्रिस बॅटी या तरुणाने २१ जणांना घेऊन ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम सुरू केला. नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५० हजार शब्द लिहायचे, एवढाच नियम. म्हणजे रोज साधारण १,६६७ शब्द. पुढे जगभरातील लाखो लोक त्यात सामील झाले. संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवले, पण रोजचा आकडा गाठण्याची ही पद्धत लेखकांमध्ये रुळली आहे.

संपादनात हा आकडाच उलटा फिरतो. दोन तास बसून उठलात तर शब्द ४०० ने कमी झालेले असतात. स्टीफन किंग यांनी ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात दिलेले सूत्र प्रसिद्ध आहे : दुसरा खर्डा म्हणजे पहिला खर्डा वजा दहा टक्के. ८० हजार शब्दांची कादंबरी ७२ हजारांवर आणायची. दिवसभर राबून हाती ‘वजा’ येत असेल, तर काम झाल्याचे समाधान मिळत नाही.

दुसरी अडचण निर्णयांची. लिहिताना गोष्ट पुढे नेत राहायचे असते. संपादनात मात्र प्रत्येक पानावर ठरवावे लागते : हे राहू द्यायचे की काढायचे? हा प्रसंग आधी की नंतर? हे पात्र हवे का? दिवसभराच्या धावपळीनंतर रात्री साडेदहाला असे निर्णय कोणालाच नको असतात.

दिनक्रम बदलला की नेमके काय तुटते?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. ‘न्याहारीनंतर’ यांसारख्या ठरलेल्या वेळेला एक नवी कृती जोडून ती रोज करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील, असे त्यातून दिसले. मात्र व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले.

सवय प्रसंगाला, जागेला चिकटलेली असते. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणे, टीव्ही पाहणे या त्यांच्या सवयी जिथे आजूबाजूची परिस्थिती सारखी राहिली तिथे टिकल्या. परिस्थिती बदलली तिथे ढेपाळल्या.

हे लेखनाला लावून पाहा. कोणी कर्जत-ठाणे लोकलमध्ये खिडकीपाशी बसून फोनवर लिहीत असते. कंपनी घरून काम करायला सांगते आणि रोजची लोकल सुटते. वरवर पाहता दिवसाचे दोन-तीन तास वाचलेले असतात, तरी लेखन थांबते. कारण लिहायची आठवण करून देणारी ती खिडकीच गेलेली असते. इच्छाशक्ती संपली म्हणून स्वतःला बोल लावण्यापेक्षा, आपण कोणत्या जागेवर आणि वेळेवर अवलंबून होतो, हे आधी पाहावे.

जेन ऑस्टिनचे खर्डे किती वर्षे पडून होते?

डिसेंबर २०२५ मध्ये जिच्या जन्माला २५० वर्षे झाली, त्या जेन ऑस्टिनचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ हा तिचा खर्डा १७९७ मध्ये तयार होता. वडिलांनी लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहून विचारणा केली. प्रकाशकाने हस्तलिखित न मागवताच नकार दिला.

१८०१ मध्ये वडिलांनी गावचे घर सोडले आणि कुटुंब बाथ शहरात गेले. १८०५ मध्ये वडील वारले. त्या सुमारास हाती असलेली ‘द वॉटसन्स’ ही कादंबरी तिने अर्ध्यावर सोडली. ती पुढे कधीच पूर्ण झाली नाही. आई आणि दोघी बहिणी भाड्याच्या जागांत आणि नातेवाइकांकडे राहत होत्या. जुने खर्डे सोबत होते, पण त्या वर्षांत एकही पुस्तक बाहेर आले नाही.

१८०९ च्या जुलैमध्ये भावाने चॉटन गावात आपल्या मालकीचे एक घर त्यांना राहायला दिले. तिथे बहीण कॅसँड्रा, आई आणि मैत्रीण मार्था यांनी घरकामाचा मोठा भाग उचलला. जेनकडे मुख्यतः सकाळच्या न्याहारीची जबाबदारी राहिली. जुने खर्डे पुन्हा बाहेर निघाले. १८११ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आली आणि १८१३ मध्ये, चांगलीच काटछाट करून, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. ती म्हणजेच १७९७ ची ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. खर्डा ते पुस्तक, मध्ये जवळपास १६ वर्षे.

यातून दोन गोष्टी दिसतात. पडून राहिलेला खर्डा वाया जात नाही. आणि संपादन पुन्हा सुरू व्हायला प्रतिभेइतकीच एक ठरलेली जागा आणि घरातल्या कोणीतरी उचललेली कामे लागतात. घरच्यांना ‘मला लिहायचे आहे’ असे नुसते सांगण्यापेक्षा ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीची भांडी तू बघशील का?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे.

प्रेरणा आधी की काम आधी?

जून १९९९ मध्ये रस्त्याकडेने चालत असताना स्टीफन किंग यांना व्हॅनने धडक दिली. पायाची, कंबरेची हाडे मोडली. ‘ऑन रायटिंग’ तेव्हा अर्धवट होते. पाच आठवड्यांनी, नीट बसताही येत नसताना, ते पुन्हा लिहायला लागले. पत्नी टॅबिथा यांनी घरात त्यांच्यासाठी टेबल मांडून दिले. पहिली बैठक एक तास ४० मिनिटांची झाली. त्या दिवशी प्रेरणा वगैरे काही नव्हती, शब्द अडखळत होते, असे त्यांनीच नोंदवले आहे. लय नंतर सापडली.

किंग पूर्णवेळ लेखक आहेत; नोकरी करणाऱ्याने त्यांच्याशी तुलना करू नये. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी टेबल, मग बैठक, मग उमेद.

‘जमेल तेव्हा करीन’ याऐवजी ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे ठरवण्याचा फायदा संशोधनातही दिसतो. पीटर गॉल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात या पद्धतीचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. म्हणून ‘या महिन्यात संपादन पूर्ण करायचे’ असा संकल्प करण्यापेक्षा ‘ऑफिसात डबा खाऊन झाला की जागेवरून उठण्याआधी दोन पाने वाचीन’ असे ठरवावे. नवा दिनक्रम कसाही असला, तरी त्यात डबा, चहा, बाळाची झोप असे काहीतरी रोज घडतेच. त्यालाच हे काम बांधायचे.

सुरुवात कुठून करावी?

१. आधी फक्त वाचा. फाइलची पीडीएफ करून फोनवर घ्या, म्हणजे दुरुस्तीचा मोह होणार नाही. संपूर्ण कादंबरी वाचकासारखी वाचा. जिथे कंटाळा आला, जिथे गोंधळ झाला, तेवढेच वहीत टिपा.

२. यादी करा. सॉफ्टवेअरमध्ये चुका सापडल्या की आधी त्यांची नोंद होते, गंभीर कोणती आणि किरकोळ कोणती ते ठरते, दुरुस्ती नंतर. कादंबरीलाही हे चालते. आत्याचे नाव पाचव्या प्रकरणात सुमन आणि बाराव्यात कुसुम आहे, हे दहा मिनिटांचे काम. एखाद्या संवादाची पुनर्रचना, अर्ध्या तासाचे. शेवट पटत नाही, हे सुट्टीच्या दिवसाचे.

३. मोठ्याकडून छोट्याकडे. आधी कथानक, मग प्रसंग, मग वाक्ये आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घ तपासत पहिल्या प्रकरणात महिना घालवायचा आणि नंतर ते प्रकरणच काढून टाकायचे, हा अनुभव अनेकांना येतो. अगदी थकलेल्या दिवसासाठी मात्र नावे-तारखांची किरकोळ कामे राखून ठेवा.

४. शब्द मोजू नका, नोंदी मोजा. यादीतली एक ओळ खोडली की काम पुढे गेले.

५. उठताना पुढचे पाऊल लिहून ठेवा. ‘उद्या : प्रकरण ७, स्टेशनवरचा प्रसंग लहान करणे’ एवढी ओळ पुरते. मध्ये आठ दिवस गेले तरी कुठून सुरू करायचे, हा प्रश्न राहत नाही.

६. जुनी प्रत जपा. ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा नावांऐवजी फाइलला तारीख द्या. काढलेले परिच्छेद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. परत आणता येते हे माहीत असले की कात्री चालवताना हात थरथरत नाही.

७. ऐका. बहुतेक अँड्रॉइड फोन मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतात. आवाज यांत्रिक असतो, पण लांबलेले वाक्य आणि पुन्हा पुन्हा आलेला शब्द कानाला लगेच खटकतो.

ही यादी मी स्वतःवर वापरून पाहिली आहे. टाळेबंदीत लिहिलेला माझा खर्डा नोकरी बदलल्यापासून पडून होता. बाजूला ठेवण्याचे कारण मी सगळ्यांना रात्रपाळी सांगत असे. वाचून यादी केली, तेव्हा ४३ नोंदी निघाल्या. त्यांतल्या १९ दहा-दहा मिनिटांच्या होत्या. इतक्या वर्षांत जी भीती वाटत होती, ती ४३ ओळींची होती.

ज्या आजीच्या आठवणींवरून ती गोष्ट सुचली, ती आता ८४ वर्षांची आहे. तिला वाचता येण्याइतके दिसत नाही. पहिले प्रकरण तिला फोनवरच ऐकवले. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, ‘त्या वेळी सून सासूला अगं-तुगं करत नसे रे.’ ती ४४ वी नोंद. ती मात्र दहा मिनिटांत होणारी नाही, त्यासाठी दोघींमधले सगळे संवाद पुन्हा लिहावे लागत आहेत.

लेखकच बदलला असेल तर?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चोविसाव्या वर्षी लिहिलेल्या कादंबरीतले वडील नुसते तापट असतात. तिशीत, स्वतः घराचे हप्ते भरू लागल्यावर, त्यांचा तापटपणा वेगळा दिसतो. अशा वेळी खर्डा बाळबोध वाटतो आणि सगळेच नव्याने लिहावेसे वाटते.

तिथे थोडे थांबावे. आलेला अनुभव त्या एका पात्रात, दोन-चार प्रसंगांत उतरवता येतो का, ते आधी पाहावे. आयुष्यातील बदलाने वेळ घेतला हे खरे, पण संपादनाला लागणारी दृष्टीही त्यानेच दिलेली असते. मूळ गोष्टच आता आपली वाटत नसेल, तर मात्र नवी कादंबरी सुरू करणे अधिक प्रामाणिक.

थांबणे केव्हा योग्य?

किंग किमान सहा आठवडे खर्डा बंद ठेवायला सांगतात. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा काळात तो त्याहून जास्त बंद राहिला तर त्यात अपराध नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१० मध्ये. मधल्या ३१ वर्षांत त्यांचे अन्य लेखन सुरू होते.

मात्र थांबताना कॅलेंडरवर एक तारीख टाकावी. त्या दिवशी संपादन करायचे नाही, फक्त फाइल उघडून पहिले प्रकरण वाचायचे.

कारण वाट पाहण्यालाही किंमत असते. ऑस्टिनने ‘सुसान’ ही कादंबरी १८०३ मध्ये दहा पौंडांना विकली होती. प्रकाशकाने ती छापलीच नाही. १८१६ मध्ये ती परत मिळाली. मधल्या १३ वर्षांत काही तपशील जुने झाले आहेत, अशी वाचकांसाठी टीपही तिने लिहून ठेवली, पण पुस्तक पुन्हा बाजूला ठेवले. जुलै १८१७ मध्ये ती गेली. ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने ती कादंबरी त्या वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ती तिला पाहता आली नाही.